जन्मसिद्ध मंत्रशक्ती आणि माणूसपणाची मोजणी : अद्भुतरम्य व्हिडिओ गेममधील वंशकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :

अद्भुतरम्य कथाविश्वावर आधारलेल्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला आरंभीच आपल्या पात्राचा वंश निवडावा लागतो. एल्फ, ऑर्क, मानव यांपैकी एक वंश निवडताच काही शक्ती त्या पात्राला जन्मतः प्राप्त होतात. वस्तू अभिमंत्रित करण्याची, म्हणजेच तलवारीत अग्नी किंवा चिलखतात संरक्षणाचा मंत्र बसविण्याची विद्या त्यांपैकीच एक होय. आपल्या विद्यार्थ्यांच्या कल्पनाविश्वात कथा-कादंबरीबरोबर या खेळांनाही स्थान मिळाले आहे. म्हणून एखाद्या साहित्यकृतीप्रमाणेच त्यांची चिकित्सा होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ (२०११) या खेळाच्या आधारे ही चिकित्सा केली आहे.

जन्म आणि श्रम :

‘स्कायरिम’मध्ये निवडीसाठी दहा वंश आहेत. प्रत्येक कौशल्याची सुरुवात साधारणतः १५ गुणांपासून होते. अभिमंत्रणाच्या कौशल्यात उच्चकुलीन एल्फ म्हणजे आल्टमर, इम्पीरियल आणि ऑर्क या तीन वंशांना जन्मतः ५ गुण अधिक मिळतात. विद्येचा अभिमान बाळगणारा आल्टमर आणि रांगडा समजला जाणारा ऑर्क या बाबतीत एकाच पायरीवर उभे आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिवाय या कौशल्याची कमाल मर्यादा सर्वांसाठी १०० आहे. मंत्रयुक्त वस्तू मोडून तिच्यातील मंत्र शिकणे आणि तो दुसऱ्या वस्तूवर चढविणे, या अभ्यासानेच पुढचे गुण मिळतात. जन्माने मिळालेले पाच गुण थोड्याच सरावात निरर्थक ठरतात. वंशाचा प्रश्न येथेच मिटला, असे वाचकाला वाटू शकेल.

आत्म्याचे वर्गीकरण :

परंतु खरा प्रश्न मंत्र चढविण्यासाठी लागणाऱ्या सामग्रीत दडलेला आहे. अभिमंत्रणासाठी मृताचा आत्मा एका मण्यात बंदिस्त करावा लागतो. पशूंचे आत्मे साध्या मण्यात मावतात, तर माणसांचे आणि इतर सर्व निवडयोग्य वंशांचे आत्मे केवळ काळ्या मण्यात. आल्टमर, ऑर्क, मार्जाररूप खाजीत हे सारे या मोजणीत समान ठरतात. अपवाद फाल्मर वंशाचा आहे. हे मूळचे हिम-एल्फ होत. नॉर्ड लोकांकडून पराभूत झाल्यावर ते ड्वेमरांच्या आश्रयाला गेले. तेथे त्यांना आंधळे करून गुलाम बनविण्यात आले, अशी त्यांची पूर्वकथा खेळच सांगतो. ते घरे बांधतात, शस्त्रे घडवितात, मंत्रही टाकतात. तरी त्यांचा आत्मा पशूच्या मण्यात मावतो आणि खेळाडूला त्यांचा वंश निवडता येत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचीच गणना पशूंत होते. पाच गुणांच्या भेदापेक्षा हा भेद कितीतरी गंभीर आहे.

शब्द बदलला, कल्पना?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) ही या खेळांची जननी. तिच्या प्रकाशकांनी २०२२ मध्ये वंशवाचक ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ हा शब्द स्वीकारल्याचे जाहीर केले. २०२४ च्या नियमपुस्तकात बल, बुद्धी यांची वाढ वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि एल्फ कुळांचे उपजत मंत्र तसेच राहिले आहेत. ‘रेस’ हा शब्द एकाच मानवजातीतील गटांविषयी वापरला जात होता. ‘स्पीशीज’ म्हणजे तर प्राणिशास्त्रातील जाती. त्यामुळे शब्द सौम्य झाला तरी अंतर वाढले, असेही म्हणता येईल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ रोल-प्लेइंग प्रकारातील नसला तरी तुलनेसाठी उपयुक्त आहे. त्याची नायिका जत्रेत कसरती करणारी सामान्य मुलगी आहे. तिची शस्त्रे देवतांच्या कृपेने लाभलेली आहेत; त्यांचे सामर्थ्य तिच्या कुळातून आलेले नाही. मात्र समोरचे असुर सरसकट वध्य आहेत. झारखंडमध्ये असुर नावाची, परंपरेने लोखंड गाळणारी अनुसूचित जमात आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात काही गोंड गावांत रावणाचे पूजन होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सरसकटता खटकते.

आपल्या परिसराचा संदर्भ :

वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी आणि पलीकडे गडचिरोली. या मुलखात ‘अमक्याच्या अंगी जादू आहे’ हे वाक्य खेळातले राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयातून दोघांना जिवंत जाळण्यात आले. नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात असतानाही हे घडले. या हिंसेस खेळ कारणीभूत आहेत, असे येथे सुचवायचे नाही. परंतु विचाराची रीत सारखी आहे. आधी एखाद्याच्या देहात गूढ शक्ती असल्याचे मानायचे आणि मग त्याच शक्तीच्या नावाखाली त्याला माणसांच्या मोजणीतून वगळायचे.

समारोप :

अद्भुतरम्य खेळांतून मंत्रशक्ती काढून टाकावी, अशी अपेक्षा करणे अरसिकपणाचे ठरेल. ती अभ्यासाने साध्य होते तेथे हे खेळ विद्येची प्रतिष्ठा वाढवितात, याचे उत्तम उदाहरण ‘स्कायरिम’मधील ऑर्क आहे. त्याच खेळातील फाल्मर मात्र त्याची मर्यादा दाखवितो. म्हणून वर्गात अशा खेळांची चर्चा करताना कोणत्या वंशाला किती गुण मिळाले, एवढ्यावर थांबता येणार नाही. कोणाचा आत्मा कोणत्या मण्यात मावतो आणि हे कोणी ठरविले, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा लागेल. आपल्या भागातील विद्यार्थ्याला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची फारशी गरज भासणार नाही.