ऑर्गनची साथ आणि पायांची खोड

संगीत नाटकांतील ऑर्गन गाणाऱ्याच्या गळ्यावर बसतो, अशी रसिकांची जुनी तक्रार आहे. १९४० सालीं नभोवाणीनें पेटीला दार बंद केलें व १९७१ पर्यंत तें किलकिलेंही झालें नाहीं. त्या वेळचे आक्षेप, म्हणजे बांधीव बारा सूर व मींडेचा अभाव, ऑर्गनलाही लागू पडतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वाद्याची उणीव व वादकाची खोड यांची गल्लत होऊं नये. पहिलीवर इलाज नाहीं. दुसरीवर आहे, आणि तो करावयास कोणी राजी नाहीं.

आपले बहुतेक ऑर्गनवादक पेटीवरून आलेले. पेटींत डावा हात भात्याला जुंपलेला असतो. ऑर्गनवर तें काम पायांकडे जातें. बोटांना गुरु मिळतो, पायांना कोण शिकवितो? ते आपोआप तबल्याच्या मात्रेवर पडूं लागतात. हें वाद्य हवा आंत ओढून बोलतें. ओढ कमीजास्त झाली कीं नाद फुगतो व ओसरतो. सांठ्याचा भाता लहानसहान धक्के पोटांत घालतो, पण समेवरचे टोले त्यालाही पचत नाहींत. श्रोत्याला दोषाचें नांव सांगतां येत नाहीं, वीट मात्र येतो. पट्ट्या आपटण्याची खोड त्या मानानें निरुपद्रवी. त्यानें सूर मोठा होत नाहीं, खडखडाट तेवढा होतो.

उपाय साधा आहे. एकच षड्ज धरावा, एक पाय संपण्यापूर्वीं दुसरा सुरू करावा, आणि शेजारीं त्रितालाचा ठेका चालू असतां पायांनीं त्याला भुलूं नये. हा अभ्यास इतका कंटाळवाणा आहे कीं आम्हीं स्वतः तो एकदां पंधरा दिवसांत सोडला होता.

गंधर्व नाटक मंडळींत ऑर्गनच्या जोडीला कादरबक्षांची सारंगी असे. मींडेचा भार ती उचली. आज सारंगी बहुधा नसते, आणि ती पोकळी भरण्यासाठीं वादक मोकळ्या झालेल्या डाव्या हातानेंही सूर ओतीत राहतो. गायक मींडेवर असतां दोन्ही हात उचलून, पुढील सूर वेळेवर बोलावा म्हणून पाय तेवढे संथ चालू ठेवणारा वादक आमच्या पाहण्यांत फार थोडा आला.