जाहिरातीचे श्रेय आणि कारागिराची कमाई

समाजमाध्यमांवरील जाहिरातीच्या समर्थनार्थ सामान्यतः दोन विधाने केली जातात : ती लहान व्यापाऱ्यास परवडते, आणि तिच्या फलाचे मोजमाप करता येते. पहिल्या विधानात तथ्य आहे. वृत्तपत्रातील चौकटीसाठी जी रक्कम एकदम मोजावी लागे, तिच्याऐवजी येथे दिवसाकाठी शेदोनशे रुपयांनीही आरंभ करता येतो. दुसरे विधान मात्र पारखून घेणे अगत्याचे आहे. आणि त्या कामी कोल्हापुरी चपलेच्या व्यापाराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांस ते लागू आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे, हातशिलाई आणि बहुधा स्त्रियांच्या हातून वळली जाणारी वेणी, यांमुळे एका घरातून निघणाऱ्या जोडांची संख्या मर्यादित राहते. जाहिरातीची जागा मात्र लिलावाने विकली जाते. बोलीची रक्कम, ग्राहक प्रतिसाद देईल याचा अंदाज आणि जाहिरातीचा दर्जा यांवरून तेथील निवाडा होतो. एकाच ग्राहकाच्या दृष्टीसाठी हातकारागीर आणि यंत्रावर रेक्झिनची नक्कल काढणारा कारखानदार परस्परांविरुद्ध बोली लावतात. वाढलेली मागणी पुरविण्याची शक्ती ज्याच्यापाशी आहे, त्यालाच चढी बोली परवडते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका जोडामागे सर्व खर्च वजा जाता ३०० रुपये उरतात. जाहिरातीस ५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ५,९०० रुपये गेले. ज्यास या कराचा परतावा घेता येत नाही, त्यास ही रक्कम भरून काढण्यासाठी वीस जोड अधिक विकले पाहिजेत. माध्यमाच्या अहवालात तीस जोड दिसतात आणि व्यापारी समाधान पावतो. परंतु त्यांपैकी बारा ग्राहक जाहिरातीवाचूनही येणारच होते असे ठरले, तर खरी वाढ अठरा जोडांचीच; म्हणजे ५०० रुपयांचा तोटा. अहवालात तो कोठेही उमटत नाही.

याचे कारण अहवालाच्या रचनेतच आहे. जाहिरात उघडल्यापासून सात दिवसांत, किंवा ती नुसती पाहिल्यापासून एका दिवसात, झालेली खरेदी जाहिरातीच्या खाती जमा करण्याचा तेथील नेहमीचा प्रघात आहे. येथे ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतील भेद पुसला जातो. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाने याच घाटाची पादत्राणे कोल्हापूरच्या उल्लेखाविना मांडली. टीकेनंतर मूळ प्रेरणा मान्य केली. त्या गाजावाजाने उत्सुक झालेल्या ग्राहकाच्या दृष्टीस वाटेत एखादी जाहिरात पडली असल्यास त्याच्या खरेदीचे श्रेयही जाहिरातीसच मिळणार. परीक्षार्थीनेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार आहे.

ही शंका निराधार नाही. ईबे या कंपनीने शोधयंत्रावरील आपल्या नावाच्या जाहिराती प्रयोगादाखल थांबविल्या, तेव्हा जवळजवळ सर्व ग्राहक विनामूल्य मार्गाने तेथेच पोहोचले, असे ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांनी २०१५ साली दाखविले. त्याच वर्षी लुइस आणि राव यांनी पंचवीस मोठ्या प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, प्रचंड खर्च करणाऱ्यांनाही जाहिरातीचा लाभ निश्चित मोजणे अत्यंत दुष्कर असते. जेथे बलाढ्य कंपन्यांची ही अवस्था, तेथे महिन्यास पन्नास जोड विकणाऱ्याच्या आकड्यांतून काय सिद्ध होणार?

म्हणून जाहिरात सर्वस्वी त्याज्य ठरते, असे नाही. दलालास टाळून दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याची वाट कारागिरास या माध्यमाने दिली आहे, आणि परिचित ग्राहकांस छायाचित्र धाडण्यास बोली लावावी लागत नाही. मानांकनाच्या नावाने आठ जिल्ह्यांतील उत्पादकांनी सामायिक जाहिरात केली आणि ती काही शहरांत चालू व काही शहरांत बंद ठेवून विक्रीची तुलना केली, तर एकट्याच्या आकड्यांतून न मिळणारे उत्तर मिळण्याचा संभव आहे. तोवर जाहिरातीचा खर्च हा कोणाच्या तरी पदरातून जातो, हे विसरता येत नाही. जोडाची किंमत वाढविता न आल्यास तो शेवटी वेणी वळणाऱ्या हातांच्या मजुरीतूनच वसूल होण्याचा धोका असतो. आणि कोणत्याही अहवालात त्या मजुरीसाठी रकाना नाही.