हात उगारण्याआधी
मीना कंदसामी यांची ‘व्हेन आय हिट यू’ (२०१७) ही इंग्रजी कादंबरी आपल्याच कर्नाटकात, मंगळूरला घडते. नायिका लेखिका, नवरा प्राध्यापक, क्रांतीच्या गप्पा मारणारा. सुरुवातीलाच तो तिला फेसबुक सोडायला लावतो, पुढे मारहाण. ती काल्पनिक प्रियकरांना पत्रं लिहिते आणि तो घरी यायच्या आत स्वतःच पुसून टाकते. भीती मनात किती खोल जाते, ते मला इथं कळलं.

आईवडील फोनवर सांगतात, सांभाळून घे. हेच मी बिदरला भाचीला सांगितलं होतं, ‘मारत तर नाही ना?’ म्हणून. २००५ च्या कायद्यात मानसिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे. आम्ही जैन बायका पाणी गाळून पितो. शब्द कधी गाळणार?