शेवटचा हात

युसूफ वडगावात आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठेच्या, मुखवट्यांचे दोन जोड आहेत. एक आजीच्या वेळचा, शाडूचा, कुंचल्यानं रंगवलेला. दुसरा प्लास्टरचा, गननं रंगवलेला. (पुण्यामुंबईकडे गौरी म्हणतात, आमच्या केज तालुक्यात महालक्ष्म्याच.) अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. जातात म्हणजे अक्षता टाकून जागच्या जागी जरा हलवायच्या; मुखवटे पाण्यात सोडत नाहीत, पुसून पुन्हा पेटीत ठेवतात. त्यामुळे त्यांचा रंग गणपतीसारखा दहा दिवसांच्या बोलीवर नसतो. विरघळायला निघालेल्या गणपतीवर पाणी न शिरणारा थर चढवणं चूक, आणि मुखवट्यावर तो न चढवणं चूक.

कारखान्यात नुसतं ‘गन’ म्हणतात. गणपतीचं अंग झटपट मारायची ती मोठी. गाल-पापण्यांना लागतो तो एअरब्रश, हातात पेनासारखा धरायचा. आत बारीक सुई, पुढचं छिद्र पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या दरम्यान. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. दाब 15 ते 20 पौंड, म्हणजे पंक्चरवाला मोटारसायकलच्या पुढच्या चाकात भरतो त्याहूनही कमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हे हत्यार निघालं आणि फोटो दुरुस्त करायला वापरात आलं. आज जपानमधल्या शिझुओकात बनणाऱ्या प्लास्टिकच्या मॉडेलांवर जगभरची हौशी मंडळी हेच चालवतात. त्यांना सैनिकाच्या चेहऱ्यावर जे हवं असतं तेच आमच्या रंगाऱ्याला ज्येष्ठेच्या गालावर हवं असतं: रंग कुठं सुरू झाला ते दिसता कामा नये.

आता नव्या जोडातल्या ज्येष्ठेचा गाल बघा. गुलाबी रंग गालाच्या मधोमध नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, हाडाच्या उंचवट्यावर आहे, आणि तिथून कानाकडे विरत गेलाय. नीट पाहिलं तर त्या गुलाबीखाली नारिंगीची झाक आहे. म्हणजे आधी नारिंगी फुंकला, तो वाळल्यावर वर गुलाबी, तोही तीन-चार पातळ फेऱ्यांत. एकदम दाट मारला असता तर ओघळला असता, नाहीतर ठिपका बसला असता. हनुवटीखाली आणि नाकपुडीच्या बाजूला तपकिरीची नुसती वाफ आहे. तिच्यामुळे सपाट प्लास्टरला हाड आल्यासारखं वाटतं. आजीच्या जोडावर गाल म्हणजे दोन गोल, गुलाबी, चंद्रासारखे. मला तेही आवडतात. त्यांत लपवाछपवी नाही. पण ते गाल रंगवलेले आहेत, हे गाल तापलेले आहेत.

भुवया, पापण्यांची कड आणि ओठांची मधली रेघ मात्र कुंचल्याचीच. गनला रेघ येत नाही असं नाही, पण तिच्या रेघेला धार नसते. आमच्या रंगाऱ्यानं हे ओळखलं आणि डोळ्यांच्या आखणीला गन खाली ठेवली. माझ्या मते त्याचं अर्धं कसब इथंच आहे.

उरलेलं अर्धं शेवटच्या हातात. जुन्या जोडाची वाट याच शेवटच्या हातानं लागली. काकूंनी तो तालुक्याच्या गावी एकाकडे उजळायला दिला होता. त्यानं वर चकचकीत वॉर्निशचा दाट हात मारून दिला. चेहरा घामेजलेला दिसू लागला, दिव्याचा ठिपका गालावर, नाकावर, कपाळावर सगळीकडे चमकायचा. चार वर्षांत वॉर्निश पिवळं पडलं आणि देवीला कावीळ झाली. शिवाय काम भर भाद्रपदातलं. पावसाळी हवेत असं झटपट वाळणारं वॉर्निश मारलं की त्यातलं पातळ द्रव्य झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. मग दुधी डाग पडतात. कनिष्ठेच्या कपाळावर तसा एक अजून आहे.

नव्या जोडावर कातडीला मंद, जवळजवळ बिनचमकेचा थर आहे आणि चमक फक्त बुबुळांवर, एकेक थेंब. त्यामुळे समईची ज्योत हलली की डोळेच हलतात, गाल जागच्या जागी राहतात. हा थर नुसता दिसण्यापुरता नाही. उघड्या, मंद रंगाला बारीक रंध्रं असतात आणि हळद त्यांत शिरली की कायमची. आमच्याकडे तीन दिवसांत गावच्या किती बायकांची बोटं त्या कपाळावर टेकतात! तरी विसर्जनानंतर कोरड्या सुती फडक्यानं पुसलं की हळद-कुंकू निघून येतं, खालचा रंग हलत नाही.

दोष आहे. कानामागे बोट फिरवलं तर रवा लागतो, शिऱ्यातल्यासारखा. गन लांबून धरली की रंगाचे कण वाटेतच वाळतात आणि पोचतात ते धूळ होऊन. इथं कोण बघणार, असं त्याला वाटलं असावं. मुकुट आणि वेणी चढल्यावर खरंच कोणी बघत नाही. मी दरवर्षी बघतो.

मुखवटे घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला ट्यूबलाइट बंद करायला सांगा. मोबाइलची बॅटरी खालून, समईच्या उंचीवर धरा. गाल चमकले तर पुढच्या दुकानात जा. नुसते डोळे चमकले तर कानामागे एकदा बोट फिरवा, आणि रवा लागला तरी घ्या.