लिपी उलगडल्यानंतर : ग्रंथप्रामाण्य आणि मृतांची साक्ष

कोणत्याही धर्मग्रंथासंबंधी दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात. ग्रंथ जे सांगतो ते सत्य व हितकारक आहे काय, हा पहिला. आणि ग्रंथ स्वतःविषयी जे सांगतो, म्हणजे तो कोणी, केव्हा व कोणत्या भाषेत लिहिला, ते खरे आहे काय, हा दुसरा. श्रद्धावंत मनुष्य पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका करून घेतो, तर प्रतिपक्षी दुसऱ्याचे उत्तर देऊन पहिला निकालात काढतो. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्यासाठी अमेरिकेतील एक व महाराष्ट्रातील एक अशी दोन उदाहरणे घेतली आहेत. दोहोंतही एक न वाचता येणारी लिपी होती, ती वाचल्याचा दावा करणारा होता, आणि पुढे ती लिपी खरोखर वाचली गेली.

मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ हे १८३५ साली ओहायो प्रांतातील कर्टलंड येथे राहत होते. त्या वर्षी मायकेल चँडलर नावाचा एक गृहस्थ इजिप्तमधील ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या घेऊन तेथे आला. स्मिथ व त्यांच्या अनुयायांनी चार ममी व त्यांसोबतचे लेख २,४०० डॉलर देऊन विकत घेतले. त्यांपैकी एका गुंडाळीत प्रेषित अब्राहम याचे लेखन आहे, असे स्मिथ यांनी जाहीर केले. त्यांनी केलेले भाषांतर १८४२ साली तीन चित्रांसह प्रसिद्ध झाले. 'अब्राहमचे पुस्तक' म्हणून ओळखला जाणारा हा मजकूर १८८० साली त्यांच्या चर्चने अधिकृत धर्मग्रंथांत समाविष्ट केला. फ्रान्समध्ये शाँपोलियाँ यांनी इजिप्तच्या लिपीची किल्ली १८२२ सालीच शोधली होती. परंतु तिचा अभ्यास अद्याप बाल्यावस्थेत होता आणि कर्टलंडमध्ये स्मिथ यांचे भाषांतर तपासू शकेल असा कोणी नव्हता.

१९१२ साली बिशप स्पॉल्डिंग यांनी छापील चित्रे इजिप्तविद्येच्या जाणकारांकडे पाठवून त्यांची मते प्रसिद्ध केली. ती सर्व प्रतिकूल होती. तथापि मूळ पपायरस १८७१ च्या शिकागोतील आगीत नष्ट झाले असावेत असा समज असल्यामुळे वाद तेथेच थांबला. १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने स्मिथ यांच्याच संग्रहातील काही तुकडे चर्चच्या स्वाधीन केले, आणि त्यांत पहिल्या छापील चित्राचे मूळही सापडले. विद्वानांनी ते तुकडे वाचले. तो 'श्वासोच्छ्वासाचा ग्रंथ' या नावाने ओळखला जाणारा अंत्यविधीचा पाठ निघाला. तो थीब्ज येथील होर नावाच्या पुरोहितासाठी, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत लिहिला गेला होता. मृत्यूनंतर होरला श्वास मिळावा, परलोकात त्याचे नाव टिकावे, एवढेच त्याचे प्रयोजन. अब्राहमचे नाव त्यात नाही. ज्या चित्रात स्मिथ यांना वेदीवर बळी दिला जाणारा अब्राहम दिसला, ते मृताच्या उत्तरक्रियेचे दृश्य होते.

श्रद्धावंतांनी यावर दिलेली उत्तरेही न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजेत. एक पक्ष म्हणतो की अब्राहमचा मजकूर असलेला भाग हरवला असून उरलेल्या तुकड्यांवरून निर्णय करता येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की पपायरस हे केवळ निमित्त होते. प्रत्यक्ष मजकूर ईश्वरी साक्षात्काराने प्राप्त झाला. चर्चने स्वतः २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उपलब्ध तुकड्यांवरील अक्षरे पुस्तकाच्या मजकुराशी जुळत नाहीत हे मान्य केले आहे. हा प्रामाणिकपणा उल्लेखनीय आहे. परंतु दुसऱ्या उत्तराचा अर्थ काय होतो? साक्षात्कार हाच आधार असेल तर भाषांतराचा दावा सोडावा लागतो, आणि भाषांतराचा दावा राखावयाचा तर मूळ लेखाची साक्ष मानावी लागते. दोन्ही आधार एकाच वेळी वापरता येत नाहीत.

परदेशातील एका पंथाचे दोष दाखवून समाधान मानावे, असा आमचा हेतू नाही. असाच प्रकार आपल्या लेण्यांच्या बाबतीत त्याही आधी घडला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांनी वेरूळ व पश्चिम भारतातील अन्य लेण्यांमधील लेखांच्या नकला सर विल्यम जोन्स यांच्याकडे पाठविल्या. जोन्स यांनी त्या काशीस असलेल्या फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे दिल्या. तेथे एका वृद्ध पंडिताने आपल्याजवळ प्राचीन लिपींची किल्ली असलेला ग्रंथ आहे असे सांगितले आणि लेख 'वाचून' दाखविले. त्या वाचनानुसार ते लेख वनवासात भटकणाऱ्या पांडवांसंबंधीचे होते. 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पाचव्या खंडात हे वाचन विद्वत्तेच्या मुद्रेसह छापले गेले.

याच विल्फर्ड यांनी १७९२ साली पुराणांच्या आधारे इजिप्त व नाईल नदीवर दीर्घ निबंध लिहिला होता. नोहा व त्याचे तीन पुत्र यांची बायबलातील कथा त्यांना पद्मपुराणात सत्यवर्मा आणि शर्म, चर्म व ज्यापति या रूपाने सापडली, आणि खुद्द जोन्स यांनी तिला प्रसिद्धी दिली. पुढे पोथ्या तपासताना आपल्या पंडिताने शब्द बदलले, पाने घातली, कथा रचल्या, हे विल्फर्ड यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते १८०५ साली जाहीरपणे कबूल केले. तरीही १८६३ साली नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीक यांच्या प्रवासवृत्तात विल्फर्ड यांचा नकाशा आदराने छापलेला आढळतो. खोट्या वाचनाचे आयुष्य त्याच्या खंडनापेक्षा दीर्घ असते, ते असे.

या दोन्ही प्रकरणांतील एक साम्य विचार करण्यासारखे आहे. ऐकणाऱ्यास जे हवे होते तेच खोट्या वाचनाने दिले. विल्फर्ड यांना पुराणांत बायबल हवे होते. त्यांना नोहा मिळाला. लेणी पांडवांनी कोरली असा लोकसमज होता. लेखांतूनही पांडवच निघाले. कर्टलंडच्या भाविकांना बायबलातील पूर्वजांचा हस्तलेख हवा होता. त्यांना अब्राहम मिळाला. खऱ्या वाचनातून मात्र कोणी न मागितलेले असे काही बाहेर येते.

ते काय असते, हे पाहावयाचे असेल तर देवळाली कॅम्पच्या वाचकांना दूर जावे लागत नाही. काही मैलांवर मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे, आणि तेथील चोवीस लेणी आजही 'पांडवलेणी' या नावाने ओळखली जातात. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केला, पुढे डॉ. भगवानलाल इंद्रजी व फ्रेंच पंडित एमिल सेनार यांनी नाशिकचे लेख संपादिले. त्यांत पांडवांच्या वनवासाची कथा नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची होती. हिशेब तंतोतंत जुळतो. चैत्यगृहावर धंभिक गावच्या लोकांच्या दानाचा लेख आहे. राणी गौतमी बलश्रीने आपला नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी भद्रायणीय भिक्षुसंघास लेणे अर्पण केले. विणकर, ग्रामस्थ, एक वृद्ध राजमाता आणि पावसाळ्यात वस्त्राची गरज असलेले वीस भिक्षू, ही त्या डोंगराची खरी माणसे होत.

ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न कोरडा पांडित्याचा नाही, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. खोट्या वाचनाने जिवंत श्रद्धावंतांची फसवणूक होतेच. पण त्याहून मोठा अन्याय होतो तो मृतांवर, ज्यांनी मूळ लेख लिहिला किंवा लिहविला त्यांच्यावर. आपले नाव टिकावे एवढीच होरची इच्छा होती, आणि त्याच्याच पपायरसवर शतकाहून अधिक काळ दुसऱ्याचे नाव राहिले. गोवर्धनच्या विणकरांचे नाव दगडात कोरलेले असूनही डोंगर मात्र पांडवांचा म्हणविला गेला. ज्या समाजाचा इतिहास इतरांच्या नावाखाली झाकला गेला, त्या समाजाला हा अन्याय समजावून सांगावा लागू नये.

परंतु येथेच आपलीही परीक्षा आहे. त्रिरश्मीचे लेख पांडवांची कथा खोटी ठरवितात म्हणून आपण त्यांचे स्वागत करतो. तेच लेख आणखीही काही सांगतात. उषवदात आपल्या लेखात ब्राह्मणांना तीन लक्ष गाई दिल्याचे व दरवर्षी एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घातल्याचे अभिमानाने नमूद करतो. बलश्रीच्या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र याला 'एकबम्हण' म्हटले आहे आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याची प्रशंसा केली आहे. भिक्षुसंघाला लेणे देणाऱ्या लेखातच वर्णव्यवस्थेच्या रक्षणाची स्तुती यावी, हे आपल्याला रुचणारे नाही. ते गाळून उरलेले सांगणे सोपे आहे. तसे केल्यास मात्र काशीच्या त्या पंडितात आणि आपल्यात केवळ मापाचाच फरक उरतो. लेखाची साक्ष घ्यावयाची तर ती संपूर्ण घेतली पाहिजे. राजाश्रय लाभलेल्या काळातही धम्म कोणत्या समाजव्यवस्थेच्या मधोमध उभा होता, हे आपल्याला त्या न आवडणाऱ्या ओळींवरूनच कळते.

या बाबतीत आपल्या परंपरेने दिलेली कसोटी स्पष्ट आहे. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे भगवंतांनी चार महापदेश सांगितले. हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले, असे कोणी भिक्षू म्हणाला तरी त्याचे लगेच अभिनंदन करू नये वा धिक्कारही करू नये. त्याचे शब्द नीट समजून घेऊन ते सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावेत. कालाम सुत्तात तर पिटकात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये, असे सांगितले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच वृत्तीने 'दि बुद्ध अँड हिज धम्म' लिहिला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा त्यांना बुद्धीस पटली नाही, तेव्हा ती का पटत नाही हे सांगून त्यांनी रोहिणीच्या पाण्यावरील शाक्य-कोलीय कलहाची मीमांसा मांडली. आपल्याला एखादी गुप्त पोथी सापडली, असा दावा त्यांनी केला नाही. त्यांच्या मीमांसेशी कोणी सहमत होईल, कोणी होणार नाही. पण तिची कारणे वाचकासमोर असल्यामुळे ती तपासता येते.

प्रारंभी मांडलेले दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचे महत्त्व येथे कळून येते. धम्माचे सत्य पोथीच्या वयावर उभे नाही, ते अनुभवावर आणि लोकहितावर उभे आहे. म्हणून आपल्याला प्राचीनतेचा खोटा आधार घेण्याचे काहीच कारण नाही. एखादे स्थळ, मूर्ती वा वचन बौद्ध आहे असे म्हणावयाचे असेल तर पुरावा द्यावा. पुरावा अपुरा असेल तर ते अनुमान आहे असे म्हणावे. अनुमान म्हणण्यात कमीपणा नाही.

त्रिरश्मीवर जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी, विशेषतः तरुणांनी, तेथील लेख भाषांतरासह सोबत न्यावेत आणि लेण्यासमोर उभे राहून संपूर्ण वाचावेत, अशी आमची विनंती आहे. ज्यांनी तो दगड कोरला आणि ज्यांनी त्यासाठी दान दिले, त्यांचे शब्द त्यांना परत देणे हीही एक वंदनाच होय.