एक नाव, अनेक कर्तृत्वे : प्राचीन मराठी काव्यातील समाननामा कवींचा प्रश्न

प्रास्ताविक

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला कवीची पहिली ओळख होते ती त्याच्या चरित्रातून नव्हे, तर कवितेच्या अखेरीस येणाऱ्या नाममुद्रेतून. मुद्रणपूर्व काळात ग्रंथाला मुखपृष्ठ नव्हते आणि प्रकाशकाची नोंदही नव्हती. रचना कोणाची, हे सांगणारा पुष्कळदा एकमेव पुरावा म्हणजे अखेरच्या चरणातले नाव. हे नाव एकाच व्यक्तीचे असेल तर प्रश्न उद्भवत नाही. परंतु एकच नाव धारण करणाऱ्या आणि परस्परांहून सर्वथा भिन्न वाङ्मयीन कारकीर्द असणाऱ्या दोन वा अधिक व्यक्ती होऊन गेल्या असतील, तर मुद्रा ओळख पटवण्याऐवजी ती झाकून टाकते.

मराठी वाङ्मयेतिहासात या प्रश्नाची चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आली आहे. मात्र ती बहुधा एकेका कवीपुरती, कालनिर्णयाचा भाग म्हणून झाली. निरनिराळ्या कवींच्या बाबतीत अभ्यासकांनी जे निकष वापरले, त्यांची एकत्र तपासणी फारशी झालेली नाही. नामदेव आणि ज्ञानदेव या दोन प्रमुख उदाहरणांच्या आधारे ती तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पहिल्या उदाहरणात एका नावाखाली अनेक व्यक्ती एकवटल्या, तर दुसऱ्यात एका व्यक्तीचे दोन भाग करण्याचा प्रयत्न झाला. दोन्ही ठिकाणी वापरला गेलेला निकष मात्र एकच होता, आणि तो पुरेसा नव्हता.

'नामा' या नावाची व्याप्ती

परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० मधला आणि समाधी इ. स. १३५० मधली. शिंपी कुळात जन्मलेले, पंढरपूरच्या विठ्ठलाचे एकनिष्ठ भक्त, कीर्तनपरंपरेचे आद्य प्रवर्तक आणि उत्तर भारतात भागवत धर्माचा संदेश नेणारे संत, ही त्यांची सर्वपरिचित प्रतिमा होय. त्यांच्या नावावरील अभंग दोन हजारांहून अधिक आहेत. १९७० साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेली 'श्री नामदेव गाथा' आजही अभ्यासकांचा आधारग्रंथ आहे.

याच नावाचा दुसरा कवी विष्णुदास नामा. तो सोळाव्या शतकातला, एकनाथांच्या काळाचा. त्याची कारकीर्द आख्यानकवीची आहे. संपूर्ण महाभारत मराठी ओवीत आणणारा पहिला कवी म्हणून वाङ्मयेतिहासकार त्याचा उल्लेख करतात. त्याखेरीज 'शुकाख्यान'सारखी रचना त्याच्या नावावर आहे. 'अश्वमेध' रचणारा नामा पाठक हा आणखी एक नामा. भक्तिपर अभंग गाणारा संत आणि पर्वामागून पर्वे ओवीबद्ध करणारा आख्यानकवी यांच्या वाङ्मयीन व्यवसायात साम्य शोधणे कठीण आहे. तरीही त्यांच्या रचनांची सरमिसळ झाली. नामदेवांच्या मानल्या गेलेल्या अभंगांतही 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा आढळते. विष्णूचा दास हे कोणाही वैष्णवाने स्वतःस लावावे असे विशेषण असल्यामुळे, कोणत्या ठिकाणी ते विशेषण आहे आणि कोणत्या ठिकाणी विशेषनाम, हे केवळ मुद्रेवरून ठरवता येत नाही.

महाराष्ट्राबाहेर या नावाला आणखी एक आयुष्य लाभले. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथातून पुढे गुरू ग्रंथसाहिबात स्थिरावलेल्या नामदेवांच्या ६१ रचना आहेत. तेथील नामदेव स्वतःस छीपा म्हणवतात. छीपा म्हणजे कापडावर छपाई करणारा. पंढरपूरचे नामदेव कापड शिवणारे, उत्तरेतले नामदेव कापड छापणारे. नाव तेच राहिले, पण प्रदेश बदलताच त्याच्यामागचा व्यवसायही बदललेला दिसतो. राजस्थानातील हस्तलिखितांच्या आधारे विनांद कालेवार्त आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांचे संपादन केले. त्यामुळे उत्तरेतील नामदेवपरंपरेला मराठी गाथेहून निराळा स्वतःचा पाठेतिहास आहे, ही गोष्ट अभ्यासकांसमोर ठळकपणे आली.

डॉ. रा. गो. भांडारकर यांनी १९१३ मध्ये नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरीच्या मराठीहून बरीच अर्वाचीन वाटते, या आधारावर नामदेवांचा काळ पुढे आणला. भाषेचा निकष शास्त्रीय असला तरी त्याला एक मर्यादा आहे. ज्ञानेश्वरी पोथीच्या रूपाने आणि संपादनाच्या शिस्तीत जपली गेली. नामदेवांचे अभंग मात्र कीर्तनकारांच्या मुखातून आणि त्यांच्या बाडांतून पुढे आले. गाणाऱ्याच्या तोंडी शब्द नवे होत जातात. तेव्हा अभंगाची आजची भाषा त्याच्या शेवटच्या गायकाचा काळ सांगेल. पहिल्या कर्त्याचा सांगेलच असे नाही.

ज्ञानदेव : एका व्यक्तीचे विभाजन

नामदेवांच्या उलट प्रकार ज्ञानदेवांच्या बाबतीत घडला. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या टोपणनावाने 'सुधारक' पत्रात लेखमाला लिहून, ज्ञानेश्वरी व अमृतानुभव यांचा कर्ता ज्ञानदेव आणि अभंगांचा कर्ता ज्ञानेश्वर या दोन भिन्न व्यक्ती होत, असे प्रतिपादन केले. ज्ञानेश्वरीकार नाथपंथीय, अद्वैती, तत्त्वचिंतक; तेथे विठ्ठलाचा गजर नाही. अभंगकार मात्र विठ्ठलभक्तीत रंगलेला. शिवाय दोहोंची भाषाही वेगळी. या मांडणीने मोठा वाद उत्पन्न झाला. भिंगारकरबुवांनी तिचा प्रतिवाद केला आणि पुढे गुरुदेव रानडे यांनीही १९३३ मधील आपल्या ग्रंथात या प्रश्नाची दखल घेऊन एककर्तृत्वाचा पक्ष घेतला.

मराठी समीक्षेने हा द्वैतवाद आज बहुतांशी मागे टाकला आहे. तरी तो केवळ इतिहासजमा कुतूहल म्हणून सोडून देता येत नाही. भारदे यांनी मांडलेले भेद काल्पनिक नव्हते. ज्ञानेश्वरीत 'ज्ञानदेव' किंवा 'निवृत्तिदास' अशी स्वनामदर्शक मुद्रा येते, तर अनेक अभंगांत 'बापरखुमादेवीवरु' अशी, कवीच्या नव्हे तर दैवताच्या नावाची मुद्रा येते. भेद खरा आहे. प्रश्न इतकाच की, त्या भेदावरून दोन माणसे सिद्ध होतात काय?

दोन प्रश्नांची गुंतागुंत

वरील दोन्ही वाद स्वतंत्रपणे अभ्यासले जातात, परंतु त्यांचे मूळ एकमेकांत गुंतलेले आहे. ज्ञानदेवांच्या चरित्राविषयी जी माहिती रूढ आहे, तिचा मुख्य आधार 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' ही नामदेवांच्या नावावरील अभंगप्रकरणे होत. ज्ञानदेव आणि नामदेव यांची तीर्थयात्रा, आळंदीचा समाधिसोहळा आणि ज्ञानदेवांचे वारकरी रूप या साऱ्यांचा साक्षीदार 'नामा' आहे. हा नामा प्रत्यक्ष समकालीन असेल तर ज्ञानदेवांच्या एकत्वाला समकालीन साक्ष मिळते. तो नंतरच्या शतकातला असेल तर ती साक्ष चरित्राची न राहता संप्रदायाच्या स्मृतीची ठरते. म्हणजेच नामा कोण, याच्या उत्तरावर ज्ञानदेव किती, याचे उत्तर काही अंशी अवलंबून आहे. समाननामत्वाचा प्रश्न तळटीपेत उरकण्याजोगा नाही तो या कारणाने.

विषयभेदाच्या निकषाची मर्यादा

नामदेवांच्या बाबतीत आख्यानपर रचना ती विष्णुदास नाम्याची आणि आर्त भक्तीची रचना ती संत नामदेवांची, अशी वाटणी करण्याकडे कल दिसतो. ज्ञानदेवांच्या बाबतीत तत्त्वज्ञान एकाचे आणि भक्ती दुसऱ्याची, अशी वाटणी करण्यात आली. दोन्हीकडे गृहीत एकच आहे : एका माणसाची कारकीर्द एकाच प्रकारची असते.

हे गृहीत एकनाथांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. १५७३ मध्ये वाराणसीत पूर्णत्वास गेलेले एकनाथी भागवत, रुक्मिणीस्वयंवर, भावार्थ रामायण, ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे शके १५०६ मधील कार्य आणि महार, गोंधळी, जोशी अशा नानाविध भूमिकांतून बोलणारी भारुडे, हे सारे एकाच व्यक्तीचे कर्तृत्व आहे. एकनाथांविषयी चरित्रात्मक आधार तुटपुंजा असता तर भागवतावर भाष्य करणारा पैठणचा शास्त्रज्ञ पंडित एक आणि लोकभाषेत भारुडे रचणारा दुसरा, असे दोन एकनाथ मानणारा सिद्धांत कोणीतरी निश्चितच मांडला असता. तो सिद्धांत तर्कदृष्ट्या भारदे यांच्या सिद्धांताइतकाच सुसंगत आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने सर्वस्वी चुकीचा ठरला असता.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. 'नलदमयंती स्वयंवर आख्याना'चा कर्ता रघुनाथपंडित आणि शिवकालीन मुत्सद्दी, 'राजव्यवहारकोशा'शी ज्यांचे नाव निगडित आहे ते रघुनाथ नारायण हणमंते ऊर्फ रघुनाथपंडित, हे एकच काय, अशी चर्चा झालेली आहे. फारसी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यकर्ता शृंगारिक आख्यान लिहूच शकणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही. पण नाव आणि पांडित्य समान आहे एवढ्यावरून दोघांना एक मानणेही तितकेच निराधार होय. कारकिर्दींतील भेद द्वित्व सिद्ध करत नाही, त्याचप्रमाणे नावातील अभेद एकत्व सिद्ध करत नाही.

या निकषात एक सामाजिक धोकाही दडलेला आहे. विद्वत्तेची रचना दिसली की ती शिंप्याच्या नामदेवाची नसणार, असा विचार नकळत शिरू शकतो. विष्णुदास नामा हा निराळा कवी आहे, हे कालनिर्देश आणि हस्तलिखितांची परंपरा यांच्या बळावर सांगितले गेले पाहिजे. कोणत्या जातीचा मनुष्य काय लिहू शकतो, या समजुतीच्या बळावर नव्हे. निष्कर्ष तोच आला तरी त्याकडे जाणारी वाट कोणती, हे समीक्षेत महत्त्वाचे असते.

मुद्रा : कर्तृत्व की अधिकार?

अलीकडील संशोधनाने या प्रश्नाला वेगळे वळण दिले आहे. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मधील निबंधात, उत्तर भारतीय भक्तिकाव्यातील नाममुद्रा ही लेखकाच्या स्वाक्षरीपेक्षा अधिक अंशी त्या नावाच्या अधिकाराची खूण असते, असे दाखवून दिले. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २००८ मधील नामदेवविषयक ग्रंथात कीर्तन, बाडे आणि सामूहिक स्मृती यांच्या आधारे 'नामदेव' हे नाव अनेक शतकांच्या सहभागातून कसे घडत गेले, याची मांडणी केली. या दृष्टीने पाहता नंतरचा नामा हा तोतया ठरत नाही. तो त्या नावाच्या परंपरेत स्वतःला विलीन करतो.

हे विवेचन मोलाचे आहे. सर्व समाननामा रचनांना प्रक्षिप्त म्हणून बाजूस सारण्याची जुनी सवय त्यामुळे सुटते. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारल्यास एक अन्याय कायम राहतो. विलीनीकरण नेहमी एकाच दिशेने होते. लहान नाव मोठ्या नावात मिसळते. मोठे नाव लहान नावात कधीच मिसळत नाही. एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांच्या महाभारताची पाच पर्वे उपलब्ध आहेत आणि आख्यानकवींत त्यांचे स्थान निर्विवाद आहे. त्यांच्या आधी संपूर्ण महाभारताला हात घालणारा विष्णुदास नामा मात्र बहुधा 'नामदेवांहून वेगळा' अशा नकारार्थी ओळखीनेच उल्लेखिला जातो. मुक्तेश्वरांचे काव्यगुण श्रेष्ठ आहेत, यात शंका नाही. पण विष्णुदास नाम्याच्या काव्यगुणांची चर्चा मुळात झाली किती? तो कोण नव्हे हे ठरवण्यातच त्याच्यावरील बरेचसे लेखन खर्ची पडले आहे.

स्वतः कवींना या अडचणीची जाणीव होती, असे काही मुद्रांवरून दिसते. तुकोबांचे बंधू कान्होबा 'तुकयाबंधु' अशी मुद्रा घेतात. जनाबाई नामयाची दासी म्हणून नाव सांगतात. थोर नावाशी नाते जोडूनही त्यांनी आपले वेगळेपण राखले. जनाबाईंचे अभंग नामदेव गाथेत समाविष्ट होऊनही जनाबाईंचेच राहिले, ते या मुद्रेमुळे. विष्णुदास नाम्याजवळ असे वेगळे करणारे नाते नव्हते, होते ते फक्त विशेषण, आणि तेही सर्वांना उपलब्ध असलेले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. समाननामा कवींचा निर्णय करताना पुराव्यांचा क्रम पाळणे आवश्यक आहे. हस्तलिखिताचा काळ, ग्रंथांतर्गत कालनिर्देश, गुरुपरंपरा आणि स्थलनिर्देश हे आधी, भाषा त्यानंतर, विषय व भाववृत्ती सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात हा क्रम पुष्कळदा उलट झालेला आढळतो.

२. मौखिक परंपरेतून आलेल्या रचनेला भाषेचा निकष लावताना ती रचना कोणत्या मार्गाने आजपर्यंत आली, याचा विचार अपरिहार्य आहे.

३. विषयभेद हा स्वतंत्र पुरावा नव्हे. तो अन्य पुराव्यास दुजोरा देऊ शकतो. त्याची जागा घेऊ शकत नाही.

४. संपादित गाथांमध्ये निश्चित, संभाव्य आणि अनिश्चित कर्तृत्वाच्या रचना वेगळ्या दर्शवल्या जाव्यात. अनिश्चित रचना वगळणे म्हणजे परंपरेची हानी, आणि खूण न करता ठेवणे म्हणजे अभ्यासकाची दिशाभूल होय.

५. नंतरच्या समाननामा कवीचे मूल्यमापन त्याच्या स्वतःच्या रचनेवरून व्हावे.

समाननामत्वाचा प्रश्न अखेरीस श्रेयाचा प्रश्न आहे. श्रद्धेला एक नाव पुरते, कारण तिचे लक्ष नावाच्या पलीकडे असते. वाङ्मयेतिहासाला तेवढ्यावर थांबता येत नाही. ज्याने अठरा पर्वांचे ओझे मराठी ओवीवर पेलण्याचा उद्योग केला, त्या कवीला त्याच्या थोर नामबंधूच्या छायेतून बाहेर आणल्याने संत नामदेवांचे काहीच उणे होत नाही. मराठी काव्याच्या हिशेबात मात्र एका स्वतंत्र कवीची भर पडते.