‘कामायनी’तील लज्जा आणि मनूचे मन

मानवी मनाची उत्क्रांती हा विषय मूलतः जीवशास्त्राचा. परंतु जयशंकर प्रसादांनी ‘कामायनी’त (१९३६) तो महाकाव्याचा केला, आणि गजानन माधव मुक्तिबोधांनी ‘कामायनी : एक पुनर्विचार’ (१९६१) या ग्रंथात त्याची समीक्षा इतिहासाच्या भूमीवर आणली. मराठी घरात वाढून हिंदीत लिहिणाऱ्या या समीक्षकाची १९४८ ते १९५८ ही दहा वर्षे नागपुरात गेली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र याच शहरात मराठीचे अध्यापन करीत होते आणि पुढे त्यांनी ‘मानुषता’ या साहित्यमूल्याची मांडणी केली. असे असूनही ‘पुनर्विचारा’ची दखल मराठी समीक्षेने घ्यावी तितकी घेतलेली नाही.

‘कामायनी’चे पंधरा सर्ग ‘चिंता’पासून ‘आनंदा’पर्यंत जातात. मनू म्हणजे मन, श्रद्धा म्हणजे हृदय, इडा म्हणजे बुद्धी, या रूपकाला स्वतः प्रसादांनीच आमुखात वाट मोकळी करून दिली आहे. साहजिकच या सर्गक्रमाकडे मनाच्या विकासाची शिडी म्हणून पाहिले गेले. मुक्तिबोधांचा आक्षेप नेमका येथे आहे. मनू हा सार्वकालिक मानवी मनाचा प्रतिनिधी नसून विशिष्ट वर्गाचा आत्मकेंद्री व्यक्तिवादी पुरुष आहे; काव्याचे पौराणिक रूप ही एक विराट फँटसी असून तिच्याआड प्रसादांचाच काळ उभा आहे; आणि सारस्वत प्रदेशातील प्रजेच्या बंडाने पुढे आणलेले प्रश्न कैलासावरील आनंदात सुटत नाहीत, केवळ मागे टाकले जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मला बव्हंशी मान्य आहे. ‘मन’ असा शब्द समीक्षकाने उच्चारला की कोणाचे मन, हे विचारलेच पाहिजे.

परंतु ‘लज्जा’ सर्गापाशी हे विश्लेषण अपुरे पडते. ‘वासना’ आणि ‘कर्म’ यांच्या मध्ये हा सर्ग येतो. श्रद्धेसमोर लज्जा छायारूपाने प्रकट होते आणि दोघींचा संवाद घडतो. या भावाचे मूळ वर्गसंबंधांत शोधता येणार नाही; ते त्याहून फार जुने आहे. डार्विनने भावाभिव्यक्तीवरील १८७२च्या ग्रंथात लाजेने चेहरा आरक्त होणे ही सर्वांत खास मानवी अभिव्यक्ती मानली. पशू असे लाजत नाहीत, तान्ही मुलेही लाजत नाहीत. दुसरा आपल्याविषयी काय विचार करीत असेल, हा विचार मनात उमटल्याखेरीज लाज संभवत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे दुसऱ्याची दृष्टी आत घेणे ही मनाच्या घडणीतील निर्णायक पायरी ठरते. गंमत अशी की बाह्याचे आभ्यंतरीकरण ही मुक्तिबोधांची स्वतःची संकल्पना या पायरीला चपखल लागू पडते. त्यांच्या मनूविषयक विवेचनाला जे साधत नाही, ते त्यांच्या सर्जनप्रक्रियेच्या विचारात आधीच उपस्थित आहे.

मग खरा प्रश्न असा की, ही पायरी ‘कामायनी’त कोण चढते? लज्जा येते ती एकट्या श्रद्धेकडे. मनू ‘कर्म’ सर्गात असुर पुरोहितांच्या नादी लागून श्रद्धेने लळा लावलेल्या पशूचा बळी देतो. ‘ईर्ष्या’ सर्गात, येणाऱ्या अपत्यासाठी तकलीवर सूत काढणारी श्रद्धा पाहून तो तिला सोडून जातो. दुसऱ्याची दृष्टी त्याच्या आत शिरलेलीच नाही. ती शिरते फार उशिरा, प्रजेच्या बंडात घायाळ झाल्यावर. श्रद्धा शोधत येते, त्याची शुश्रूषा करते, आणि तिच्यासमोर उभे राहणे असह्य होऊन तो रात्रीच निघून जातो.

ही लाजच आहे. परंतु प्रसाद या सर्गाला नाव देतात ‘निर्वेद’. भरताच्या तेहेतीस व्यभिचारी भावांत निर्वेद आणि व्रीडा दोन्ही आहेत. त्यांपैकी निर्वेदाला मम्मटाने शांतरसाच्या स्थायीभावाची प्रतिष्ठा दिली, व्रीडा मात्र संचारीच राहिली. स्त्रीच्या ठिकाणी जी लज्जा, तीच पुरुषाच्या ठिकाणी वैराग्याची पूर्वतयारी ठरते आणि कैलासाची वाट मोकळी होते. मनूचा वर्ग मुक्तिबोधांनी ओळखला; या नामांतराचा हिशेब मात्र ‘पुनर्विचारा’नंतरही मांडायचा उरतो.